हातचा

कोर्टाच्या तळघरात माझं टेबल, बॉयलरला पाठ लावून.
वर पहिल्या मजल्यावर लग्नं लागतात, शिकारीचे परवाने मिळतात.
खाली माझ्याकडे येतात ते
जिना उतरताना कठडा धरणारे.

कर्टिस माकेला जूनमधल्या एका मंगळवारी आला.
उत्तर मिनेसोटातलं आमचं खाणीचं गाव;
माकेला म्हणजे चार पिढ्या लोखंड खणणारे.
हा एकटाच वाळूत गेला.
टोपी काढली नाही. डावा हात खिशात.
"बायकोनं पाठवलं," म्हणाला,
जसा काही दूध संपलं म्हणून आलाय.

मी फॉर्म पुढे सरकवला.
सगळ्यांना सांगते तेच सांगितलं:
आज काहीतरी दुखत असलं पाहिजे.
तिथे काहीतरी घडलेलं असलं पाहिजे.
आणि दोहोंच्या मध्ये एक धागा, डॉक्टरच्या सहीचा.
धागा पक्का नसला तरी चालतो. एवढंच लिहून हवं की
नसण्याची जितकी, तितकीच असण्याचीही शक्यता आहे.

"म्हणजे नाणं उडवायचं?"
"म्हणजे नाणं काठावर उभं राहिलं, तर ते तुझं."

हसला नाही. खिशातून हात काढून
टेबलावर ठेवला, स्टेपलरच्या शेजारी.
अंगठा. मग मोकळी जागा. मग दोन बोटं.
"हे त्यांना दिसेल. बाकीचं?"

बाकीचं ट्रीनानं लिहून दिलं होतं,
मुलीच्या गृहपाठाच्या वहीतलं पान:
'रात्री तो दारं तपासतो. तीनदा.
चार जुलैला फटाके सुरू झाले की
कुत्र्याला घेऊन तळघरात बसतो.
कुत्रा घाबरतो, म्हणतो.
कुत्रा बहिरा आहे.'

मी त्या पानावर तारखेचा शिक्का मारला.
शिक्का वाकडा बसला.

निकाल जानेवारीत आला.
मन: पन्नास टक्के. हात: तीस. कानातली शिट्टी: दहा.
"नव्वद," कर्टिस म्हणाला.

सगळे हीच बेरीज करतात, शाळेत शिकलेली.
मग मला दुसरी शिकवावी लागते.
पन्नास गेले, तू अर्धा उरलास.
हाताचे तीस अख्ख्या माणसातून नाही,
या अर्ध्यातून काढायचे: पंधरा.
झाले पासष्ट. उरलास पस्तीस.
त्या पस्तिसाचा दहावा हिस्सा कान, साडेतीन.
साडेअडुसष्ट. जवळचं दशक धरायचं: सत्तर.

तो बोटांवर पुन्हा मोजायला लागला,
डाव्या हातावर, लहानपणच्या सवयीनं,
आणि हातचा धरायची वेळ आली तिथे थांबला.

"शिट्टी नसती तर?"
"पासष्ट. त्याचेही सत्तरच."

बॉयलर सुरू झाला. बंद झाला.
"बारा वर्षं वाजतेय ती," म्हणाला,
"आणि तुमच्या हिशेबात तिचा आवाजच नाही."

मी म्हटलं, वर्षाच्या आत फेरविचार मागता येतो.
म्हटलं, हा तक्ता मी केलेला नाही.
दुसरं वाक्य मी रोज म्हणते,
त्या दिवशी ते जरा मोठ्यानं म्हटलं.

उठताना त्यानं विचारलं,
उरलेले तीस कुणाच्या नावावर असतात.
त्यासाठी रकाना नाही.

पुढल्या आठवड्यात जिन्याच्या शेवटच्या पायरीवर
वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुडकं:
बर्फाला भोक पाडून धरलेला वॉलआय, साफ करून.
आम्हाला भेटी घ्यायची परवानगी नाही.
मी तो घरी नेऊन लोण्यात परतला.

काटा एकही लागला नाही.
आठ बोटांनी, थंडीत, त्या शिट्टीसकट
इतक्या बारकाईनं कुणी काढले असतील काटे!
शेवटच्या घासापर्यंत मी जिभेनं शोधत राहिले.